माडीच्या सागवानी फळ्यांना जवसाचं तेल लावलं, पाच महिने झाले तरी चिकट आहे. काय करावं?

पेठकर (सातारा), १२ नोव्हेंबर

मंडळी, नमस्कार. जरा सविस्तर लिहितो, कारण प्रश्न जीवाला लागलाय.

आमचं घर व्यंकटपुरा पेठेत. खाली दगडमातीच्या भिंती, वर माडी. माडीची जमीन कडीपाटाची. तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि त्यावर पूर्वी वीतभर माती होती. आजी ती शेणाने सारवायची. छत गळायला लागलं तेव्हा वडिलांनी वजन कमी करायला सगळी माती उतरवली, आणि खालून सागाच्या जाड फळ्या निघाल्या. सकाळी पूर्वेच्या खिडकीतून ऊन तिरकं येतं तेव्हा त्यांच्यावर वाकसाच्या (लाकूड तासायच्या सुतारी हत्याराच्या) खुणा दिसतात, एकेक घाव वेगळा. मला त्या खुणा जपायच्या आहेत. म्हणूनच त्यावर टाइल्स किंवा विनाइल घालायचं नाही, हे घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात एका पॉलिशवाल्याने डबल बॉइल्ड जवसाच्या तेलाचे तीन हात मारले. ब्रशने, भरपूर. म्हणाला, लाकूड तहानलेलं आहे, पिऊ दे. आठ दिवसांत वाळणार होतं. आता दिवाळी झाली. अजून पाय ठेवला की चिकट आवाज येतो. परवा वर्तमानपत्र खाली राहिलं, उचललं तर बातमीची उलटी अक्षरं फळीवर. कोपऱ्यात तर तेलाच्या सुरकुत्या पडल्यात, दुधावरच्या सायीसारख्या.

तो म्हणतो वरून अजून एक हात वॉर्निशचा मारू, सगळं दबून जाईल. मन तयार होत नाही. कुणी केलंय का हे काम?

रंधा (कराड), १२ नोव्हेंबर

पेठकर, आधी एकच सांगा. तेल लावल्यावर पुसलं होतं का? आणि वॉर्निश अजिबात मारू देऊ नका. खाली ओलं, वर कडक, म्हणजे पहिल्या उन्हाळ्यात फुटून पापुद्रे निघणार.

पेठकर, १२ नोव्हेंबर

नाही. पुसायचं असतं हेच माहीत नव्हतं.

कृष्णाकाठ (सांगली), १३ नोव्हेंबर

मग कारण तेच. मी शाळेत रसायन शिकवायचो, म्हणून थोडं खोलात सांगतो. एकदा हे समजलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं.

पाणी वाळतं म्हणजे उडून जातं. स्पिरिटमधलं पॉलिशही तसंच. जवसाचं तेल उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांना साखळीसारखे जोडले जाऊन घट्ट होतात. म्हणजे ‘वाळणं’ हा नुसता बोलण्यातला शब्द, खरं तर तेल थिजून दुसराच पदार्थ होतो. त्याला हवा लागते, उजेड आणि ऊब असली तर काम लवकर होतं. जाड थर दिला की वरची बाजू आधी हवा घेते, तिची साय धरते, आणि त्या सायीखाली हवा पोचत नाही. तुमच्या सुरकुत्या त्याच. रंगाच्या उघड्या डब्यावर अशी साय धरते, ती पाहूनच फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज माणसाला लिनोलियम सुचलं आणि १८६३ मध्ये त्याने त्याचं पेटंट घेतलं. एके काळी सरकारी बंगल्यांतून अंथरलेलं असायचं ते लिनोलियम म्हणजे मुळात थिजवलेलं जवसाचं तेलच.

आता तुमच्या बाबतीत तीन गोष्टी एकत्र आल्या. थर जाड. महिना आषाढाच्या तोंडाचा, हवा दमट, खिडक्या बंद. आणि लाकूड साग. सागात स्वतःचीच तेलकट द्रव्यं असतात, ती वाळवीला दूर ठेवतात पण तेलाचं हे थिजणंही रोखून धरतात.

एक शंका पुष्कळांना असते म्हणून सांगतो, कुठलंही तेल चालत नाही. खोबरेल, एरंडेल, शेंगदाण्याचं तेल वर्षानुवर्षं तेलच राहतं, धूळ धरतं आणि त्याला खवट वास सुटतो. जवस थिजतं, चिनी तुंगचं तेल थिजतं, अक्रोडाचं थिजतं. करडईचं थिजतं पण हळू.

माडीवाली (वाई), १३ नोव्हेंबर

काका, किती सोपं करून सांगितलंत! आमच्याकडे भाऊ क्रिकेटच्या बॅटला जवसाचं तेल लावायचा तेव्हा त्याचे सर सांगायचे, चमचाभर घे, फडक्याने चोळ आणि बॅट आडवी ठेव. जास्त प्यायली की बॅट जड होते आणि मरते. जमिनीचंही तेच म्हणायचं.

तंबोरा (मिरज), १३ नोव्हेंबर

आमच्याकडे सतारमेकरांच्या गल्लीत लहानपण गेलं. तिथे लाखेचं पॉलिश लावताना हात बघत बसायचो. कापसाला मलमलीचं फडकं गुंडाळून बोळा करायचा, त्यात पॉलिश इतकंच घ्यायचं की बोळा गालाला लावला तर गार लागेल पण ओला करणार नाही. मग गोल गोल फिरवत, पुन्हा पुन्हा. एका वाद्यावर असे कितीतरी हात, पण सगळे मिळून जाडी कागदाएवढी नाही.

लाख मात्र जमिनीला लावू नका कुणी. ओलं भांडं ठेवलं की पांढरा डाग, स्पिरिट सांडलं की विरघळली. तंबोऱ्यावर कुणी चालत नाही म्हणून तिथे ती शोभते. पण तो बोळ्याचा हात तेलालाही लागू आहे.

रंधा (कराड), १४ नोव्हेंबर

आता काम सांगतो. आमचे वडील सुतार, मीही तेच करतो, कोयनेच्या बाजूला बऱ्याच घरांची माडी आम्ही केली.

आहे ते तेल आधी काढायचं. मशीन लावू नका. एक तर वाकसाच्या खुणा जातील, आणि दुसरं म्हणजे चिकट तेलावर पॉलिश पेपर चालवला की तो दोन मिनिटांत बुजतो आणि गरम होऊन तेल पसरवतो. पोलादी पत्ती घ्या, धार किंचित वळवलेली, आणि लाकडाच्या रेषेत ओढा. आडवी कधीच नाही. चिकट भाग गोळ्या होऊन वर येतो, तपकिरी गुळासारखा. दोन हात जागा खरवडली की तिथे टर्पेंटाईनमध्ये भिजवलेलं तागाचं पोतं चोळा. पोतंच घ्या, सुती फडकं घसरतं. वितळलेलं लगेच कोरड्या फडक्याने उचलायचं, नाहीतर ते परत फळीतच जिरतं. खिडक्या सगळ्या उघड्या, घरात गॅस किंवा देवापुढचा दिवासुद्धा नको त्या वेळी.

घाई करू नका. दिवसाला एक खण, म्हणजे दोन तुळयांमधली जागा, झाला तरी चांगलं काम झालं म्हणा.

सगळं निघालं की पंधरा दिवस नुसतं मोकळं सोडा. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच तेलाचा काळ. हवा कोरडी, लाकूड आखडलेलं, तेल आत जातं. मग जिथे खुणा नाहीत तिथे ८० नंबर पेपर, नंतर १२०, आणि तिथे थांबा. लोकांना वाटतं जितकं गुळगुळीत तितकं भारी, पण २२० पर्यंत घासलं की लाकडाची तोंडं मिटतात आणि तेल वरच राहतं. खुणा असलेल्या भागाला फक्त तारेचा मऊ ब्रश, पितळेचा. लोखंडी तार वापरू नका, तिचे तुकडे फळीत राहतात आणि पावसाळ्यात काळे ठिपके उमटतात.

तेल लावायच्या आधी सागाला स्पिरिटचं फडकं मारायचं. कृष्णाकाठ काका म्हणाले ती सागाची स्वतःची तेलकटी वरून निघते. स्पिरिट उडालं की लगेच तेल, दुसऱ्या दिवसावर ढकललं की परत तेलकटी वर येते.

आणि तेल. पहिल्या हाताला निम्मं तेल, निम्मं टर्पेंटाईन. बोळ्याने चोळा, वीस मिनिटं थांबा, मग जे जे वर दिसतंय ते सगळं पुसून काढा. सगळं. कोरडा हात फिरवला तर हाताला काही लागता कामा नये. तीन दिवसांनी दुसरा हात, टर्पेंटाईन कमी करून. बहुतेक वेळा तिसरा लागतच नाही. लाकूड जेवढं घेतं तेवढं त्याचं, उरलं ते फडक्याचं. वडील असंच सांगायचे.

पेठकर, १४ नोव्हेंबर

दादा, हे छापून भिंतीला लावतो. दोन प्रश्न. खिळ्यांभोवती काळी वर्तुळं आहेत, ती जातील का? आणि भिंतीलगत हातभर रुंदीचा पट्टा जुन्या हिरव्या ऑइलपेंटने रंगवलेला आहे, तो घासून काढू का?

कृष्णाकाठ (सांगली), १४ नोव्हेंबर

हिरवा पट्टा कोरडा घासू नका, कृपा करून. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचंच. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको हा आपल्याकडचा नियम नोव्हेंबर २०१७ पासूनचा, तुमचा पट्टा त्याच्या कितीतरी आधीचा. ती धूळ तुमच्या मुलांच्या पोटात जाईल. रंग काढायचं द्रावण लावून ओला असतानाच खरवडा, कचरा पिशवीत बांधा, लहान मुलं त्या दिवशी दुसरीकडे पाठवा.

याच कारणासाठी अजून एक. जुने कारागीर कच्च्या जवसाच्या तेलात मुरदाडशिंग टाकून ते चुलीवर कढवायचे, त्याने तेल लवकर थिजायचं. मुरदाडशिंग म्हणजे शिशाचंच संयुग. घरी कुणी हा प्रयोग करू नये. आता दुकानात मिळणाऱ्या बॉइल्ड तेलात बहुधा कोबाल्ट किंवा मँगनीजचे क्षार असतात, त्यांचंही काम तेच. म्हणून ते खायचं नाही. घाण्यावरचं खाण्याचं जवसाचं तेल शुद्ध असतं, पण थिजायला आठवडे घेतं.

काळी वर्तुळं म्हणजे लोखंड, ओल आणि लाकडातलं टॅनिन यांची शाई. ऑक्झॅलिक ॲसिडचं पाण्यातलं द्रावण ब्रशने लावलं की पुष्कळशी फिकी होतात. विषारी आहे, हातमोजे घाला, नंतर साध्या पाण्याने दोनदा पुसा आणि चांगलं सुकू द्या. मी माझ्या घरची वर्तुळं तशीच ठेवलीत. खिळे जुने आहेत, त्यांची सावलीही जुनी असू दे.

टेबललँड (पाचगणी), १५ नोव्हेंबर

थांबा, थांबा. कुणीच फडक्यांबद्दल बोललं नाही! रंधा दादा, तुम्हाला माहीत असणारच, पण वाचणाऱ्या नवीन माणसाला सांगायला हवं.

मी इथल्या एका जुन्या बंगल्याची देखभाल बघतो. खोल्यांना सगळीकडे लाकडी जमीन. चार वर्षांपूर्वी हॉलला तेल लावून झालं, पुसलेली फडकी आमच्या मुलाने गोळा करून प्लॅस्टिकच्या बादलीत दाबून भरली आणि मागच्या ओसरीवर ठेवली. संध्याकाळी सातच्या सुमाराला तळलेल्या तेलासारखा वास आला. मला वाटलं स्वयंपाकघरात काही लागलं. ओसरीवर गेलो तर बादलीतून धूर. वरचं फडकं काठीने उचललं, खालची मधोमध काळी पडलेली आणि आतून निखाऱ्यासारखी लाल. कुणी काडी लावली नव्हती, विडी ओढली नव्हती. बादलीचं एक अंग वितळलं होतं. अजून अर्धा तास गेला असता तर ओसरीचं लाकडी छत पेटलं असतं. त्या रात्री मी झोपू शकलो नाही.

तेल थिजताना उष्णता सोडतं. फळीवर ती पसरून जाते, गोळा केलेल्या फडक्यांत कोंडते. अमेरिकेत फिलाडेल्फियाला १९९१ मध्ये ३८ मजली इमारत अशाच जवसाच्या तेलाच्या बोळ्यांमुळे पेटली आणि अग्निशमन दलाचे तीन जवान गेले.

तेव्हापासून आमचा नियम पक्का. काम सुरू करायच्या आधी पाण्याने भरलेली पत्र्याची बादली शेजारी. वापरलेलं फडकं त्यात बुडवायचं, नाहीतर बाहेर तारेवर एकेक सुटं पसरून वाळत घालायचं, एकावर एक नाही. घडी करून घरात ठेवायचं नाही, एक तासासाठीसुद्धा नाही.

रंधा (कराड), १५ नोव्हेंबर

टेबललँड, चूक माझी. हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. पेठकर, तुमचं ते तागाचं पोतंसुद्धा यातच येतं.

गावभाग (सांगली), १६ नोव्हेंबर

मला वेगळं विचारायचंय. एवढा खटाटोप करण्यापेक्षा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं वॉर्निश, का नको? एकदा मारलं की दहा वर्षं बघायला नको म्हणतात.

टेबललँड (पाचगणी), १६ नोव्हेंबर

आमच्या दोन खोल्यांत पीयू आहे. चमक चांगली, पाण्याची काळजी नाही. पण दाराजवळ जिथे रोज पाय घासतात तिथे थर गेला की तेवढाच भाग दुरुस्त होत नाही, जोड दिसतो. सगळी खोली घासावी लागते. तेलाच्या जमिनीला हातभर जागा खराब झाली तर हातभरच तेल. आणि इथला पाऊस! महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे, आमच्याकडे त्याच्या निम्म्याहून कमी, तरी चार महिने भिंती ओल्याच. फळ्या पावसाळ्यात रुंदीला फुगतात, उन्हाळ्यात आखडतात. तेल हे थांबवत नाही, पण त्याचा थरच नसल्यामुळे फुटायला काही नसतं. म्हणून फळ्यांमधल्या फटीही आम्ही भुशाच्या लांबीने (लगद्याने) भरत नाही. आखडल्यावर ती सुटून येते, फुगल्यावर फळी फळीला रेटते.

नदीकिनारी (सांगली), १६ नोव्हेंबर

गावभाग, आपण शेजारीच निघालो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात पाणी आठ दिवस होतं. आयर्विन पुलाशी ४५ फुटांना धोक्याची पातळी म्हणतात, त्या वर्षी कृष्णा त्याच्या कितीतरी वर गेली. माजघरातली लाकडी जमीन पूर्ण बुडाली. अर्धी पीयूची, कारण ती मुलाने नवीन करून घेतली होती, आणि देवघरापुढची जुनी, सासूबाईंच्या वेळची, तेलाची.

पाणी उतरल्यावर पीयूचा भाग पांढरट झाला आणि पापुद्रे धरून निघायला लागला. खाली ओल कोंडलेली, ती बाहेर यायला वाट नाही. तेलाची जमीन काळवंडली, फळ्या कडेने उचलल्या, पण श्वास घेत होती. गाळ पाण्याने धुतला, बुरशीला ब्रश मारला, खिडक्या उघड्या ठेवल्या आणि काहीच केलं नाही. संक्रांतीपर्यंत थांबलो. फळ्या हळूहळू बसल्या. दोन बदलाव्या लागल्या. मग तेल.

ज्यांच्या घरी पाणी येतं त्यांना हात जोडून सांगते, घाईने हीटर लावू नका, उन्हात फळ्या टाकू नका, त्या वाकून चिरतात. आणि ओल्या लाकडावर तेल नको, आतल्या आत बुरशी धरते. कच्च्या जवसाच्या तेलावर तर बुरशी फारच पोसते.

माडीवाली (वाई), १७ नोव्हेंबर

रोजची निगा कशी ठेवता सगळे? आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी फिनाइलशिवाय फडकं मारायला तयार नसतात.

नदीकिनारी (सांगली), १७ नोव्हेंबर

आधी मऊ केरसुणी. वाळूचा कण पायाखाली पॉलिश पेपरचंच काम करतो, म्हणून दारात पायपुसणं दोन, एक बाहेर एक आत. फडकं घट्ट पिळून, इतकं की पुसल्यावर जमीन मिनिटभरात कोरडी दिसली पाहिजे. फिनाइल नको, धुण्याचा सोडा तर अजिबात नको. सोडा तेलाचा साबण करतो, थिजलेल्या तेलाचाही करतो. जास्त मळलं तर कोमट पाण्यात साध्या साबणाचे दोन थेंब.

हळद सांडली, सांगलीत सांडणारच, तर घासत बसू नका. कोरडी उचला, पुसा, आणि त्या जागी ऊन येत असेल तर येऊ द्या. आठवड्यात पिवळा डाग फिका होतो. हळदीचा रंग उजेडाला टिकत नाही.

तेल परत कधी लावायचं हे पाण्याच्या थेंबाने कळतं. थेंब टाका. मण्यासारखा उभा राहिला तर ठीक. पाचेक मिनिटांत पसरून फळी गडद झाली तर त्या जागेला तेल हवं. आमच्या दारात वर्षाला एकदा लागतं, पलंगाखाली चार वर्षांत नाही लागलं.

टेबललँड (पाचगणी), १७ नोव्हेंबर

वरून मेण चालतं. महाबळेश्वरात मधाचे लोक आहेत, मांघरला २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर केलं, तिकडून मधमाशांचं मेण घेतो. एक भाग मेण गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवायचं (६२ ते ६४ अंशांना वितळतं, थेट आचेवर कधीच नाही), शेगडी बंद करून, भांडं बाहेर अंगणात नेऊन मग तीन भाग टर्पेंटाईन. थंड झालं की लोण्यासारखं होतं. तेल पूर्ण थिजल्यावर, महिन्याने, अगदी पुसट लावून लोकरीच्या कापडाने घासायचं. पायाला मऊ लागते जमीन.

पण लक्षात ठेवा, मेणावर तेल बसत नाही. परत तेल लावायचं असेल तर आधी टर्पेंटाईनने मेण काढा. आणि जिन्याच्या पायऱ्यांना मेण नको, पाय घसरतो.

पेठकर, ९ फेब्रुवारी

उशीर झाला, पण काम करूनच लिहायचं ठरवलं होतं.

खरवडायला एकोणीस दिवस लागले. मी आणि धाकटा भाऊ, रोज संध्याकाळी दोन तास. चिकट गोळ्यांचे दोन जुने पत्र्याचे डबे भरले, त्यात पाणी घालून ठेवले. हिरव्या पट्ट्याच्या दिवशी मुलं आत्याकडे मंगळवार पेठेत. पट्ट्याखाली जवळजवळ मधाच्या रंगाचं लाकूड निघालं, बाकीच्या जमिनीपेक्षा फिकं, कारण त्याने इतकी वर्षं उजेड पाहिला नव्हता.

तेल जानेवारीत लावलं. पहिला हात लावताना सागाचा रंग असा वर आला की आई काम सोडून दारात येऊन उभी राहिली. वीस मिनिटं घड्याळ लावून थांबलो आणि मग पुसलं. पुसताना मन होत नव्हतं, चमक जाते की काय असं वाटत होतं. पुसलं तरी गेली नाही, फक्त मऊ झाली. फडकी बादलीत. दुसऱ्या हाताला पहिल्याच्या निम्मंही तेल लागलं नाही.

वाकसाच्या खुणा सगळ्या शाबूत आहेत. काळी वर्तुळं ठेवली, काका.

काल वर्तमानपत्र मुद्दाम रात्रभर खाली ठेवलं. सकाळी उचललं, फळी स्वच्छ. आजी आता ब्याण्णव वर्षांची आहे, तिला हाताला धरून वर आणलं. ती खाली बसली, तळहात फिरवला आणि विचारलं, “सारवण वाळलं का रे?” वाळलं म्हणालो.

रंधा (कराड), ९ फेब्रुवारी

झकास काम, पेठकर. सतरंजी अजून महिनाभर अंथरू नका, खाली हवा लागत नाही. आणि पावसाळ्यानंतर, दसऱ्याच्या सुमाराला, दाराजवळ थेंब टाकून बघा. काय झालं ते इथेच लिहा.